नाटक पान ४१ वर अडलंय, की मीच?

ताई,
मी एकतीस वर्षांची. मूळची साताऱ्याची, शिकायला पुण्यात होते, गेली आठ वर्षं मुंबईत आहे. मालिकांचे संवाद लिहिते. सध्या आठवड्याला चार एपिसोड. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत माझ्या एकांकिकेला लेखनाचं बक्षीस मिळालं होतं, त्या जोरावर इकडे आले. दोन वर्षं झाली, एक दोन अंकी नाटक लिहितेय. पान ४१ च्या पुढे सरकत नाही. फाइल उघडते, पहिल्यापासून वाचते, चार शब्द बदलते, बंद करते. कुणी विचारलं की सांगते, 'शेवटचा हात फिरवतेय.' आमच्या त्या एकांकिकेचा जो दिग्दर्शक होता, त्याचं नाटक सध्या व्यावसायिकवर जोरात चाललंय. गेल्या महिन्यात बघून आले. बाहेर हाउसफुल्लची पाटी. टाळ्या वाजवल्या, विंगेत जाऊन त्याला मिठी मारली, आणि रात्री तीनपर्यंत जागी होते. तेव्हापासून वाटतंय की ते बक्षीस खरं त्याचंच होतं, मी नुसते शब्द पुरवले. मध्यंतरी एका ज्येष्ठांना वीस पानं वाचायला दिली, तर म्हणाले, 'भाषा सिरियलची झालीये तुझी.' मैत्रीण म्हणते, तुला इंपोस्टर सिंड्रोम आहे. मला तीनच गोष्टी विचारायच्यात. माझ्यात आहे की नाही, हे ओळखायचं कसं? नसेल तर सोडून द्यावं का? आणि ही शंका कधी जाते का? सोबत पान ४१ जोडतेय. हसू नका.
– विंगेतली

प्रिय विंगेतली,

पान ४१ आधी वाचलं, पत्र नंतर. सोबत मजकूर असला की मी तेच करते. पत्र आधी वाचलं असतं, तर पानात रडकी मुलगी शोधत बसले असते.

पानात दोन बहिणी आहेत. आई जाऊन महिना झालाय आणि त्या साताऱ्याच्या घरात भांडी वाटून घेतायत. थोरली पितळेची परात बाजूला काढते. धाकटी ओट्याला टेकून उभी. आणि थोरली म्हणते, 'हा मोठा कुकर तू ने. तुमच्याकडे माणसं असतात.'

इथे मी थांबले. चहा निवला. थोरलीकडे माणसं येत नाहीत, तिचं घर दोन वाट्या भाताचं आहे, हे तिने कुठेही म्हटलेलं नाही आणि मला सगळं कळलं. शिवाय त्या वाक्यात बारीकसा टोमणा आहे, आणि तो आपण मारलाय हे थोरलीला स्वतःलाच ठाऊक नाही. असं वाक्य ठरवून लिहिता येत नाही.

मग पुढच्या ओळी वाचल्या. धाकटी विचारते, 'ताई, तुला एकटं वाटतं का गं?' आणि थोरली सांगते, हो, वाटतं, आईला नेहमी तूच जवळची होतीस, मला तिने कधी समजूनच घेतलं नाही, मी आयुष्यभर तिच्या एका शब्दासाठी झुरले. सहा ओळी. कुकरने जे एका वाक्यात सांगितलं होतं, ते सहा ओळींत पुन्हा. आणि पान संपलं. तुझं नाटक तिथेच अडलंय यात मला काहीच नवल वाटलं नाही. दोघींनी एकमेकींना सगळं सांगून टाकलं, आता पान ४२ वर त्यांनी बोलायचं काय? भांडी उचलायची आणि आपापली एसटी पकडायची.

तेव्हा तुझे ते ज्येष्ठ अगदीच चुकीचं बोलले नाहीत. अर्धवट बोलले. 'भाषा सिरियलची झाली' म्हणजे नेमकं काय झालं, हे सांगायची तसदी त्यांनी घेतली नाही. ज्येष्ठांचं हे एक बरं असतं, निकाल देऊन मोकळे. मी सांगायचा प्रयत्न करते, कारण ही कारागिरीची बाब आहे.

मालिका बघणारी बाई गवार मोडत असते. मध्येच दूध बघायला उठते, मध्येच दार वाजतं. तिची नजर पडद्यावर नसली तरी कानाला गोष्ट समजली पाहिजे. म्हणून मालिकेतली माणसं मनातलं मोठ्याने बोलतात, आणि जाहिराती संपल्या की तेच पुन्हा बोलतात. यात कमीपणा काही नाही, त्या कामाचा घाटच तसा आहे. नाटकाला आलेला माणूस मात्र तिकीट काढून, अंधारात, पुढ्यात गवार न घेता बसलेला असतो. त्याला अर्धं सांगितलेलं पुरतं, आणि उरलेलं स्वतः जोडण्यासाठीच तो आलेला असतो. आता हिशोब बघ. चार एपिसोड म्हणजे जाहिराती वगळून साधारण दीड तासाचं बोलणं. म्हणजे जवळजवळ एका नाटकाएवढे संवाद तू दर आठवड्याला लिहितेस, आणि हे आठ वर्षं. हाताला वळण लागणारच. रोज दहा जणांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला दोन माणसांच्या आमटीत मीठ किती घालायचं ते पटकन जमत नाही. म्हणून तिला कुणी 'तुला स्वयंपाक येत नाही' म्हणत नाही.

एक कर. पान ४१ घे आणि पात्राने स्वतःच्या भावनेचं नाव जिथे जिथे घेतलंय, ती प्रत्येक ओळ पेन्सिलीने काट. एकटं वाटतं, राग आला, झुरले, समजून घेतलं नाही, सगळं जाऊ दे. मग उरलेलं वाच. मी करून पाहिलं. कुकर, परात, एक लोणच्याची बरणी आणि 'चहा टाकू का?' एवढं उरतं. ते सहा ओळींपेक्षा जास्त बोलतं. आणि मुख्य म्हणजे दोघींचं भांडण व्हायचं शिल्लक राहतं.

आता तू विचारलेल्या गोष्टी.

'माझ्यात आहे की नाही.' आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण तुझ्या मानेवर बसलीये. पण आडात आहे की नाही, हे बघायला पोहराच खाली सोडावा लागतो. तू दोन वर्षं काठावर ओणवी होऊन आत बघतेयस, आणि आत दिसतंय तुझंच तोंड.

तुझ्या पत्रात एक गोष्ट मी शोधत होते आणि ती कुठेच सापडली नाही. हे नाटक कुणी मोठ्याने वाचल्याचा उल्लेखच नाही. तू मनात वाचलंस, त्या ज्येष्ठांनी मनात वाचलं, मी मनात वाचलं. नाटकाच्या बाबतीत हा निव्वळ वेडेपणा आहे. कादंबरी टेबलावर पूर्ण होते, नाटक टेबलावर अर्धंच होतं. कॉलेजात हे तुला माहीत होतं, कारण तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. संध्याकाळी सातला तालीम असायची, दुपारी लिहिलेली दोन पानं घेऊन तू जायचीस. एखादी मुलगी वाक्यावर अडखळायची, 'हे असं कुणी बोलतं का गं?' म्हणायची, तू तिथेच खोडायचीस. हे मी तुझ्या पत्रात वाचलेलं नाही, पण एकांकिका अशाच लिहिल्या जातात. तेव्हा तुला शंका येत नव्हती असं नाही. त्या दिवसाकाठी येत आणि रात्री नवापर्यंत तालमीत निकाली निघत. आता तू एकटी, कांदिवलीच्या की गोरेगावच्या भाड्याच्या खोलीत, रात्री अकरानंतर, दिवसभर सासू-सुनांना बोलकं करून झाल्यावर फाइल उघडतेस. शंका आली की तिला निकाली काढणारं तिथे कुणी नाही. ती साचते. दोन वर्षांची साचलेली शंका म्हणजे मग 'माझ्यात आहे की नाही'. तिला मुळात 'ही ओळ तोंडात बसते की नाही' एवढंच विचारायचं होतं.

ते बक्षीस खरं दिग्दर्शकाचं होतं, असं तू म्हणतेस. असेल. म्हणजे अर्धं असेलच. पुरुषोत्तम १९६३ पासून चालू आहे, आणि तिथले परीक्षक काही खिरापत वाटायला बसत नाहीत. २०२२ साली त्यांना एकही एकांकिका करंडकाच्या तोलाची वाटली नाही, त्यांनी करंडक कुणालाच दिला नाही, आणि त्यावर केवढी चर्चा झाली ते तुला आठवत असेल. तेव्हा लेखनाचं बक्षीस तुला चुकून मिळालं हे डोक्यातून काढ. पण ते एकटीचं होतं असंही समजू नकोस. विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ मध्ये रंगमंचावर आलं. त्यातल्या नायिकेचं, बेणारे बाईंचं, शेवटचं स्वगत दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांनी आग्रह धरून तेंडुलकरांकडून लिहून घेतलं, ही आपल्याकडची सर्वांना माहीत असलेली गोष्ट आहे. त्या स्वगताशिवाय ते नाटक आज कुणाला डोळ्यांपुढे तरी आणता येतं का? म्हणून ते तेंडुलकरांचं नाही, असं मात्र अजून तरी कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. दिग्दर्शकाने तुझ्याकडून जास्तीचं काढून घेतलं असेल, तर ते होतं म्हणून निघालं. तुझी खरी अडचण ही की आता काढून घेणारं कुणी समोर नाही.

मैत्रिणीच्या 'सिंड्रोम'बद्दल थोडक्यात. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली हा विषय मांडला, तेव्हा त्यांनी त्याला सिंड्रोम म्हटलंच नव्हतं. इंपोस्टर फिनॉमेनन असा शब्द वापरला होता. फिनॉमेनन म्हणजे आढळणारी एक गोष्ट, रोग नव्हे. भरपूर कर्तबगारी दाखवलेल्या दीडशेहून अधिक बायकांशी त्या बोलल्या होत्या. त्या बायकांना वाटायचं, आपण लोकांना फसवून इथवर आलोय, एक दिवस उघडं पडणार. तुझ्याशी जुळतं, मान्य. पण या नावाचा एक तोटा मी पाहिलाय. नाव मिळालं की माणूस त्याच्यावर गिरदी टाकून बसतो. 'मला ते आहे ना, म्हणून लिहून होत नाही.' तुझ्या सहा ओळी काटायला त्या शब्दाचा काडीचा उपयोग नाही.

आता माझं. सांगायचं नव्हतं, पण तू पान पाठवायचं धाडस केलंस, तर मीही करते.

१९९६ साली माझं एक नाटक आलं होतं. तुला नाव माहीत असायचं कारण नाही, कुणालाच नाही. तीन प्रयोग झाले. पहिला ठाण्याला, दुसरा पार्ल्याला, तिसरा पुण्यात. पहिल्या प्रयोगाला मी शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसले होते. दुसऱ्या अंकात लोक खोकायला लागले. एकाने सुरुवात केली, मग साथ पसरावी तसे दहा-बारा जण. मला वाटलं हवा बदललीये. पार्ल्यालाही खोकले. तेव्हा जानेवारी होता, तरी समजूत पटेना. पुण्याच्या प्रयोगाला मी संहितेची प्रत मांडीवर घेऊन बसले आणि अंधारातच, खोकला आला की समासात पेन्सिलीने रेघ मारत गेले. रेघ दिसत नव्हती, अंदाजाने मारत होते. घरी येऊन दिवा लावून पाहिलं तर रेघा विखुरलेल्या नव्हत्याच. तीन ठिकाणी झुबके होते. २७, ३८ आणि ५२ ही पानं. तिन्ही ठिकाणी एक पात्र दुसऱ्याला असं काहीतरी सांगत होतं, जे प्रेक्षकांना आधीच कळलेलं होतं. माणसाला कंटाळा आला की त्याचा घसा खवखवतो. हे मला कुठल्याही कार्यशाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

तोवर आठवडाभर मी घरात 'मी लेखिकाच नाही' असं म्हणत फिरत होते. नवरा कंटाळला होता. आणि हातात आलं काय, तर तीन पानं. मिळून साताठ मिनिटांचा मजकूर.

इथवर गोष्ट छान आहे. पुढची तितकीशी नाही. निर्मात्याने तिसऱ्या प्रयोगानंतर नाटक बंद केलं, बुकिंग नव्हतं, त्याचाही इलाज नव्हता. ती तीन पानं मी नव्याने लिहायला हवी होती, प्रयोग असो वा नसो. मी संहिता पुठ्ठ्याच्या खोक्यात घातली, खोकं माळ्यावर टाकलं आणि सहा वर्षं नाटक या शब्दाच्या वाटेला गेले नाही. रेडिओसाठी श्रुतिका लिहिल्या, शाळांसाठी बालनाट्यं लिहिली, पोट भरलं, मजाही आली. पण त्या तीन पानांचं काय करायचं हे मला कळलेलं असूनही मी केलं नाही, ते आजही अधूनमधून ठसठसतं. नाटक पडल्याचं आता काही वाटत नाही.

तर नाटक मोठ्याने वाचून घे. पूर्ण व्हायची वाट बघू नकोस, ४१ पानं भरपूर झाली. मुंबईत नटांना वाण नाही, तुझ्या सेटवरच दहा असतील आणि त्यातल्या निम्म्यांना नाटकात काम करायची भूक असेल. सुट्टीचा रविवार बघ, कुणाचा तरी हॉल बघ. दोन बहिणींसाठी दोघी, बाकी पात्रं वाटून घ्यायला एक-दोघं, आणि रंगसूचना वाचायला एक. तू काहीही वाचायचं नाहीस. लेखकाने स्वतः वाचलं की तो आवाजाने खड्डे बुजवतो. सुरुवातीला 'हे जरा कच्चं आहे हं' वगैरे प्रास्ताविकही करू नकोस. पोहे नंतर दे. आधी दिले तर लोक सुस्तावतात आणि दोष तुझ्या पहिल्या अंकाला लागतो.

कोपऱ्यात बस, हातात पेन्सिल आणि तुझी प्रत. वाचणारी कुठे अडखळते, वाक्याचा क्रम आपसूक कुठे बदलते, कोण मोबाइलकडे बघतं, कुठे खुर्ची करकरते, तिथे रेघ मार. नटी वाक्य चुकीचं वाचते तेव्हा दहातल्या सात वेळा तिचंच बरोबर असतं, तिच्या जिभेने तुझं वाक्य सुधारलेलं असतं. कुठे हसतील, तेही टिप. अनपेक्षित जागी हसू येणं ही कमाई आहे.

वाचून झालं की 'कसं वाटलं?' असं विचारू नकोस. या प्रश्नाला आपल्याकडे 'छान' एवढं एकच उत्तर आहे, आणि ते ऐकून तू पुन्हा तीनपर्यंत जागशील. दोनच गोष्टी विचार. कंटाळा कुठे आला? आणि, आता पुढे काय होईल असं वाटतं? दुसऱ्या प्रश्नावर ते आपापसात वाद घालायला लागले, तर तू गप्प बस आणि लिहून घे. तुझं पान ४२ त्या वादात कुठेतरी असेल. वाद झालाच नाही, सगळे 'बघू, छान होईल' म्हणून पोह्यांकडे वळले, तर तेही उत्तरच. मग अडचण ४१ व्या पानावर नाही, त्याच्या बरीच आधी आहे. पंधराव्या-विसाव्या पानापर्यंत मागे जावं लागेल.

तुझ्या त्या दिग्दर्शक मित्राला पहिल्या वाचनाला बोलावू नकोस. तो वाईट आहे म्हणून नव्हे. तो समोर असला की तुझा अर्धा कान नाटकाकडे आणि अर्धा त्याच्या चेहऱ्याकडे राहील. दुसऱ्या वाचनाला जरूर बोलाव. जे तुला होतंय त्याला हेवा म्हणतात. त्यात पाप नाही, नाटकवाल्यांना तो होतोच, आणि टाळ्या वाजवून विंगेत जाऊन मिठी मारण्याइतकी तू शहाणी आहेस. त्याच्या हाउसफुल्लच्या पाटीआधी त्याची किती नाटकं तालमीतच बारगळली, ते त्याला एकदा चहावर विचार. दिग्दर्शकांना ते सांगायला आवडतं. थांबवताना पंचाईत होते.

'सोडून द्यावं का?' हा प्रश्न मी टाळणार नाही. सोडता येतं. लिहिणं हे काही लग्न नव्हे, की काडीमोडाला कोर्टात जावं लागेल. माझ्याबरोबर श्रुतिका लिहिणारा एक जण चिपळूणजवळ रोपवाटिका चालवतो, आंब्याची कलमं करतो, आणि आमच्यातला सगळ्यात गाढ झोपणारा माणूस तोच आहे. पण त्याने सोडलं ते लिहून, वाचून, दोनदा पडून, मग त्याला त्याची गोडी राहिली नाही म्हणून. तुझी गोडी गेल्याचं मला कुठे दिसलं नाही. गोडी गेलेल्या माणसाला 'तुमच्याकडे माणसं असतात' सुचत नाही. तेंडुलकरांनी विशीत 'गृहस्थ' लिहिलं, ते चाललं नाही, तेव्हा त्यांनीही पुन्हा नाटक लिहायचं नाही असं ठरवलं होतं. १९५६ साली 'श्रीमंत' आलं. आता तू म्हणशील, ते तेंडुलकर होते. अगं, 'गृहस्थ' पडलं तेव्हा तेही कुणी तेंडुलकर नव्हते.

मालिका मात्र सोडू नकोस, निदान आत्ता नाही. 'पाट्या टाकतेय' असं पत्रात म्हटलं नाहीस, पण ओळींच्या मधून ऐकू येतंय. त्या पाट्यांवर तुझं घरभाडं निघतं, आणि भाड्याची काळजी डोक्यावर असली की माणूस पान ४१ वर बसत नाही, कर्जाचे हप्ते मोजत बसतो. शिवाय मागितलेल्या वेळेत मागितलेलं लिहून देणं, ही शिस्त नाटकवाल्यांत दुर्मीळ आहे, तुझ्यात ती तयार आहे. तिचा उपयोग कर. जमलं तर पुढच्या कंत्राटात आठवड्याचे चार एपिसोड तीनवर आणता येतील का ते विचार. पैसे कमी होतील. किती कमी झालेले चालतील, ते आकडे कागदावर मांडून ठरव, मनात नको. मनात सगळेच आकडे मोठे दिसतात. आणि नाटकासाठी सकाळची वेळ काढ, अर्धा तास का असेना, मालिकेची फाइल उघडायच्या आधीची. रात्री अकराला तुझ्या डोक्यात मालिकेतल्या सासूचाच आवाज चालू असतो.

पहिलं वाचन झाल्याशिवाय सोडायचं की नाही याचा विचार करायचा नाही, एवढं कबूल कर. त्या दिवसानंतर एक महिना जाऊ दे, मग हवं तर सोड. मी रागावणार नाही.

शंका कधी जाते? माझी गेलेली नाही. हे सदर मी इतकी वर्षं लिहितेय, आणि मजकूर पाठवायच्या आदल्या रात्री हमखास वाटतं की आता लोकांना कळणार, या बाईला काही येत नाही. मग सकाळी वाचते, दोन परिच्छेद उडवते, पाठवते. तिसऱ्या घंटेच्या आधी विंगेत हात गार पडलेले मुरलेले नट मी पाहिलेत, आणि हात गार पडत नाहीत असे दोन-तीन जणही पाहिलेत. त्यांची कामं मात्र फारशी लक्षात राहिलेली नाहीत.

ज्ञानेश्वरांनी विचारलंय, राजहंस डौलात चालतो म्हणून इतरांनी चालूच नये की काय? ही ओवी तुला दोघा-तिघांनी तरी ऐकवली असेल. ऐकवणारे बहुतेक स्वतः बसलेले असतात.

एक गोष्ट गंभीरपणे सांगते. तीनपर्यंत जागणं ही त्या एका रात्रीची गोष्ट असेल, तर ठीक. पण आठवड्यातून चार-चार रात्री तसं होत असेल, जेवण जात नसेल, ज्या मालिकेचं तुला काहीच वाटत नाही तिचे संवाद लिहितानाही हात थांबत असेल, तर ती नाटकाची शंका राहिलेली नाही, डॉक्टरला दाखव. सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालू असते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. नाटकवाली माणसं दुखण्यालाही प्रतिभेचं लक्षण समजतात. तू समजू नकोस.

बाकी, तुझ्या ज्येष्ठांकडे वाचनानंतर एकदा जा. पुन्हा वीस पानं देऊ नकोस. फक्त विचार, 'सिरियलची म्हणजे कुठली ओळ?' आणि पेन्सिल त्यांच्या हातात दे. त्यांनी रेघ मारली तर सोनं. नाही मारता आली, तर त्यांचा चहा घे आणि घरी ये.

वाचनाचं कळव. आणि हो, तो मोठा कुकर. मला वाटतं धाकटी तो नेत नाही. ओट्यावर ठेवून जाते, फक्त शिट्टी चुकून तिच्या पर्समध्ये राहते. पण नाटक तुझं आहे, मी कशाला नाक खुपसू. कुकर शेवटी कुणाकडे गेला, एवढं मात्र दोन ओळींत लिहून पाठव. परवापासून डोक्यातून जात नाहीये.

तुझी,
ताई